दगा, विश्वासघात, फितुरी

मराठीत दगा देतात, विश्वासघात करतात आणि फितूर होतात. तिन्ही शब्द भरवसा मोडल्याचेच सांगतात, पण त्यांची क्रियापदे निराळी आहेत आणि त्या क्रियापदांतच त्यांचे वेगळेपण आहे. दगा ही देण्याची गोष्ट. ती देणारा माणूसच असला पाहिजे असे नाही. विश्वासघात हे कृत्य. ते जाणूनबुजून करणारा कोणीतरी लागतो. फितूर ही अवस्था. माणूस आधी एका बाजूचा असतो आणि मग दुसऱ्या बाजूचा होतो, म्हणून तिथे दोन बाजू लागतात. बेइमानी, नमकहरामी, घरभेद, गद्दारी, न्यासभंग हे याच कुळातले शब्द. ते वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या व्यवहारांतून मराठीत आले आणि नेमके कोणते नाते मोडले हे सांगण्यासाठी टिकून राहिले.

या शब्दांमागचे व्यवहार एकाच टापूत पाहायचे तर पालघर जिल्ह्याचा किनारा सोयीचा आहे. वैतरणा नदी जिथे समुद्राला मिळते तिथे उत्तर काठावर दातिवरे हे गाव आहे. गावाजवळच्या टेकडीवर हिराडोंगरी नावाने ओळखला जाणारा छोटा दुर्ग आहे, आणि खाडीच्या मुखापलीकडे, दक्षिणेला, अर्नाळ्याचे बेट आणि त्यावरचा किल्ला. दातिवऱ्याहून उत्तरेला एडवण, केळवे, माहीम, शिरगाव असे कोट एकामागून एक लागतात आणि ही साखळी तारापूर, डहाणूपर्यंत जाते. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढे हा किनारा त्यांच्या उत्तर प्रांतात मोडला, १७३९ मध्ये मराठ्यांकडे आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांकडे गेला. धनी बदलला की निष्ठेचे हिशोब बदलतात, आणि त्यांच्याबरोबर शब्दांचेही.

सगळ्यांत जुना शब्द विश्वासघात. तो संस्कृतातून जसाच्या तसा आला. ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे. त्याला ‘वि’ उपसर्ग लागून झालेल्या ‘विश्वस्’ या धातूचा अर्थ निर्धास्त होणे, भरवसा ठेवणे. म्हणजे विश्वासाच्या मुळाशी मोकळेपणाने घेतलेला श्वास आहे. ‘घात’ म्हणजे ठार मारणे किंवा नाश. या समासाचा विग्रह दोन तऱ्हांनी करता येतो. ‘विश्वासाचा घात’ म्हटले तर मरतो तो विश्वास. ‘विश्वासाने घात’ म्हटले तर विश्वास हे हत्यार ठरते आणि मरतो तो विश्वास ठेवणारा. मराठीतला ‘केसाने गळा कापणे’ हा वाक्प्रचार दुसऱ्या अर्थाजवळ जातो. केसासारख्या मऊ, निरुपद्रवी वस्तूने गळा कापला जातो, कारण ती जवळ येताना कोणी सावध होत नाही.

विश्वासघाताची एक जुनी गोष्ट मराठीच्या रोजच्या बोलण्यात लपून बसली आहे. विक्रमादित्याच्या सिंहासनाच्या कथांमध्ये एका राजपुत्राची हकिकत येते. शिकारीला गेलेला राजपुत्र वाघाच्या भीतीने झाडावर चढतो. झाडावर अस्वल असते. ते त्याला अभय देते आणि रात्री आळीपाळीने जागायचे ठरते. राजपुत्र झोपलेला असताना खालून वाघ अस्वलाला म्हणतो, याला खाली ढकल. अस्वल ऐकत नाही. मग अस्वल झोपते आणि वाघ तेच राजपुत्राला सांगतो. राजपुत्र अस्वलाला ढकलतो. अस्वल फांदीला धरून वाचते, पण त्याच्या शापाने राजपुत्राला वेड लागते आणि ‘ससेमिरा’ या चार अक्षरांखेरीज त्याच्या तोंडून काही निघेनासे होते. शेवटी पडद्याआडून एक जण चार श्लोक म्हणतो. त्यांचा आरंभ ‘स’, ‘से’, ‘मि’ आणि ‘रा’ या अक्षरांनी होतो आणि विषय असतो विश्वास ठेवणाऱ्याला फसवण्याचे पाप. एकेका श्लोकासरशी एकेक अक्षर गळत जाते आणि राजपुत्र शुद्धीवर येतो. पाठ न सोडणाऱ्या त्या अक्षरांवरून मराठीत ‘ससेमिरा’ म्हणजे पिच्छा, तगादा असा अर्थ रूढ झाला. चौकशीचा ससेमिरा, कर्जवसुलीचा ससेमिरा असे शब्द वर्तमानपत्रांत रोज छापून येतात. त्यांच्या मुळाशी झोपलेल्या मित्राला झाडावरून ढकलल्याची गोष्ट आहे हे मात्र विसरले गेले आहे.

दगा हा शब्द फारसी ‘दगा’ म्हणजे कपट, फसवणूक यावरून आला. सुलतानशाह्यांच्या काळात दरबार, लष्कर आणि महसूल यांच्या वाटेने शेकडो फारसी-अरबी शब्द मराठीत शिरले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून तयार झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’ने राज्यकारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले, पण बोलण्यातला दगा तसाच राहिला. त्याला दगाबाज, दगलबाज, दगाफटका अशी पिलावळही झाली. मात्र मराठीत येताना त्याचा अर्थ सैल झाला. फारसीत दग्यामागे कपट असते. मराठीत नुसती अपेक्षा मोडली तरी पुरते. ऐन लावणीच्या वेळी दडी मारणारा पाऊस दगा देतो, आणि कापणीला आलेले भात भिजवणारा पाऊसही दगाच देतो. वारा दगा देतो, इंजिन दगा देते, म्हातारपणी गुडघे दगा देतात. दातिवऱ्यासारख्या भातशेती आणि मासेमारीवर चालणाऱ्या गावात हा उपयोग सहज समजतो, कारण तिथे जगण्याचा निम्मा भार ज्यांच्यावर, त्या पावसाने आणि वाऱ्याने कधी कोणाला वचन दिलेले नसते. म्हणूनच ‘पावसाने विश्वासघात केला’ असे मराठीत कोणी म्हणत नाही. विश्वासघात करायला आधी विश्वास स्वीकारावा लागतो. पाऊस तो स्वीकारत नाही.

बेइमानी आणि नमकहरामी या शब्दांना याहून नेमके नाते लागते. अरबी ‘ईमान’ म्हणजे धर्मावरची श्रद्धा. मराठीत धर्माचा संदर्भ गळून इमान म्हणजे दिल्या शब्दाशी आणि धन्याशी असलेला खरेपणा झाला. कुत्र्याला इमानी म्हणतात ते याच अर्थाने. शब्द पक्का करायला शपथ लागे. बेल आणि भंडारा हातात घेऊन देवाच्या साक्षीने घेतलेल्या शपथेला बेलभंडार उचलणे म्हणत, आणि असा बेलभंडार उचलून फिरलेला माणूस बेइमान. म्हणजे बेइमानी शपथेच्या पोटी जन्मते.

नमकहरामीला शपथ लागत नाही, मीठ पुरते. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी बांधलेले राहायचे, हा संकेत हिंदुस्थानभर होता; मराठीने त्याला ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ असे रूप दिले. पालघर-वसईच्या किनाऱ्यावर, जिथे भरतीचे पाणी अडवून मिठागरे पिकवली जातात, तिथेही बोलण्यातले मीठ म्हणजे धन्याने दिलेली भाकरी. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तो करणारे गारदी वाड्याच्या पहाऱ्यावरचे पगारी शिपाई होते, म्हणून मराठी स्मरणात ते नमकहरामीचे ठळक उदाहरण ठरले. ‘धरावे’ या शब्दातल्या ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ केल्याची आख्यायिका याच घटनेला जोडली जाते, आणि ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचारही तिथलाच.

मिठाच्या या नात्याला दुसरी बाजूही आहे: हिशोब नेहमी मीठ देणाऱ्याच्या वहीत असतो. ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात, जो आज बहुतांशी पालघर जिल्ह्यात येतो, लग्नासाठी सावकाराकडून पैसे उचलून त्यापायी त्याच्याकडे राबणाऱ्याला लग्नगडी म्हणत. कर्ज किती फिटले हे सावकार सांगे आणि अंगठा उठवणारा ऐके. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने किसान सभेने ही वेठबिगारी मोडायला सुरुवात केली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला हजारो वारली जमले. गोदावरीबाईंच्या नावाने खोटी वार्ता पसरवून त्यांना तिथे आणले गेले होते. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण ठार झाले. ज्या नावावर लोक डोळे मिटून विसंबत होते तेच नाव त्यांच्याविरुद्ध वापरले गेले; ‘विश्वासाने घात’ हा विग्रह इथे शब्दशः लागू पडतो.

फितूर हा शब्द अरबी ‘फुतूर’वरून आला. त्याचा मूळ अर्थ ढिलेपणा, जोर कमी होणे. हिंदीत फितूर म्हणजे डोक्यातले खूळ. मराठीत मात्र ढिली पडलेली वस्तू म्हणजे निष्ठा, असा अर्थ पक्का झाला. फितूर म्हणजे शत्रूला आतून मिळालेला, आणि फितुरी किंवा फितवा म्हणजे ते मिळणे. किल्ल्यांच्या राजकारणात हा शब्द रुजावा हे साहजिक होते. डोंगरी किल्ला लढून घ्यायला महिनोन् महिने लागत. एक दरवाजा आतून उघडला तर एक रात्र पुरे. पालघर तालुक्यातला अशेरीगड हे त्याचे जुने उदाहरण. १५५६ मध्ये पोर्तुगिजांनी हा अवघड किल्ला हल्ला करून नव्हे, तर तिथल्या हबशी किल्लेदाराला पैसे देऊन मिळवला.

फितुरीत तिसरा पक्ष असतो, हे तिचे मुख्य लक्षण. नोकराने धन्याची पेटी फोडली तर तो विश्वासघात. पेटीची किल्ली धन्याच्या वैऱ्याला दिली तर ती फितुरी. आणि तिसरा पक्ष आला की दृष्टिकोनही दोन होतात. ज्याचा माणूस गेला तो फितुरी म्हणतो. ज्याच्याकडे आला तो तसे म्हणत नाही. साम, दाम, दंड, भेद या चार उपायांत भेद हा राजनीतीचा मान्य उपाय आहे. घटना एकच, पण घेणाऱ्याच्या बाजूने तो भेद आणि गमावणाऱ्याच्या बाजूने फितूर.

१६५९ मध्ये अफजलखान चालून आला तेव्हा मावळातल्या देशमुखांना खानाकडे हजर होण्याची आदिलशाही फर्माने आली. कान्होजी जेधे फर्मान घेऊन शिवाजी महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडून त्यांच्या बाजूने उभे राहिले. खंडोजी खोपडे खानाला मिळाले. पुढे त्यांना हातपाय तोडण्याची शिक्षा झाली. मराठी इतिहासात जेधे निष्ठेचे आणि खोपडे फितुरीचे नाव आहे. विजापूरच्या दरबारातून पाहिले तर हुकूम पाळणारे खोपडे होते आणि मोडणारे जेधे. स्वराज्य उभे राहत होते म्हणजे निष्ठा कोणाशी असावी हेच नव्याने ठरत होते, आणि फितूर कोण हे त्यावर ठरले. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला, त्या वेळच्या सूर्याजी पिसाळाचे नाव तर विशेषनाम न राहता सामान्यनाम झाले. वाईच्या देशमुखीच्या लोभाने त्याने किल्ला दिला ही हकिकत बखरींतून रूढ झाली. तिच्या खरेपणाबद्दल इतिहासकारांत वाद आहेत, पण भाषेने निकाल केव्हाच देऊन टाकला.

उत्तर कोकणात हा प्रश्न १७३७ मध्ये उभा राहिला. पोर्तुगीज अमलाखाली राहणाऱ्या हिंदू प्रजेत धर्मबंधनांमुळे असंतोष होता. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ पेशव्यांकडे बराच काळ खटपट करत होते. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले तेव्हा तिथला कोट अजून पुरता बांधून झाला नव्हता, आणि स्थानिक माहितगारांची मदत निर्णायक ठरली. त्याच सुमारास अर्नाळा मराठ्यांकडे आला, म्हणजे दातिवऱ्यासमोरचा खाडीचा दरवाजा बदलला. नाईक मंडळी पोर्तुगीज राज्यातली रयत होती, त्यामुळे लिस्बनच्या दृष्टीने हा राजद्रोहच होता. मराठी बखरींत ते मोहिमेचे प्रेरक आहेत आणि त्यांना फितूर म्हणण्याची कल्पनाही कोणाला शिवत नाही. किनाऱ्यावरच्या छोट्या कोटांचा बचाव दगडी भिंतींइतकाच नावाडी, वाटाडे आणि धान्य पुरवणारे यांच्यावर टेकलेला असे. ही माणसे परकी वाटू लागली की भिंत असून नसल्यासारखी होई.

याच मोहिमेने उलटा शब्दही दाखवला: कौल. अरबी ‘कौल’ म्हणजे दिलेला शब्द. मराठी कारभारात पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला सवलतीचा कौल मिळे आणि शरण येणाऱ्याला अभयाचा. जानेवारी १७३९ मध्ये माहीमच्या शिबंदीने अटी ठरवून किल्ला सोडला. तारापूर मात्र सुरुंग लावून, हल्ला करून घ्यावे लागले आणि तिथे बाजी भीवराव रेठरेकर कामी आले. मे महिन्यात वसई पडली ती पुन्हा अटींवर. सैनिकांनी हत्यारांसह, बायकामुलांसह बाहेर जावे, खाजगी मालमत्ता न्यावी, मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळता यावा, अशी कलमे ठरली. हजारो माणसे गमावलेल्या चिमाजी अप्पांच्या फौजेने हा कौल पाळला आणि पोर्तुगीज ठरल्याप्रमाणे बाहेर पडले. कौल मोडला असता तर पुढच्या किल्ल्याने दरवाजा उघडला नसता. त्यामुळे कौल पाळणे जितके नीतीचे, तितकेच हिशोबाचेही होते.

पुढच्या पिढीत फूट घरातच पडली, आणि तिथे शब्द आला घरभेद. पेशवाईच्या वादात हरलेल्या रघुनाथरावांनी ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने मदतीच्या बदल्यात वसई आणि साष्टी इंग्रजांना देऊ केली. डिसेंबर १७८० मध्ये इंग्रजांनी वसई घेतली, लगोलग अर्नाळाही. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत आली. घरभेदी आणि फितूर यांत थोडा फरक आहे. फितूर दुसऱ्याचा होतो. घरभेद्या घरचाच राहतो, वाटा मागतो आणि त्यासाठी परक्याला घरात घेतो. म्हणून मराठीत घरभेदीपणाचा दाखला बिभीषणाचा देतात, आणि तो रामाच्या बाजूने होता याचे अवघडलेपणही त्या दाखल्यात कायम राहते.

इंग्रजी अमलात भरवसा मोडणे हा न्यायालयाचा विषय झाला, आणि तिथे भावनेपेक्षा व्याख्या महत्त्वाची. हा विचार इथे नवा नव्हता. मनुस्मृतीत वादाची जी अठरा कारणे मोजली आहेत त्यांत ऋणानंतर लगेच निक्षेप, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव येते. १८६० च्या भारतीय दंड संहितेने ४०५ ते ४०९ या कलमांत या गुन्ह्याची व्याख्या केली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१६ व्या कलमात तो आहे. कायद्याच्या मराठीत त्याला न्यासभंग म्हणतात. न्यास म्हणजे सोपवलेली वस्तू. ती सोपवली होती हे सिद्ध झाले पाहिजे आणि ती अप्रामाणिकपणे वापरली हेही. नुसता शब्द फिरवला, मैत्री तोडली, तर न्यासभंग होत नाही. नोकर, सरकारी सेवक, बँकवाले यांनी केलेला न्यासभंग अधिक गंभीर मानला जातो, कारण तिथे विश्वास पदाबरोबरच येतो. पतसंस्थेतल्या अपहाराला बातमीत विश्वासघात म्हटले तरी आरोपपत्रात न्यासभंग लिहावे लागते.

फितूरही न्यायालयात पोचला, पण मागल्या दाराने. सरकार पक्षाचा साक्षीदार आधीचा जबाब फिरवतो तेव्हा मराठी बातमीदार ‘साक्षीदार फितूर झाला’ असे लिहितात. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १५४ व्या कलमाने अशा आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याची मुभा दिली होती, पण त्याला कोणते नाव दिले नव्हते. किल्ल्याच्या दरवाजावरचा शब्द मराठीने साक्षीच्या पिंजऱ्याला लावला. साक्षीदार खरोखर दुसऱ्या पक्षाला मिळालाच असेल असे नाही. तो घाबरलेलाही असू शकतो किंवा त्याचा आधीचा जबाबच खोटा असू शकतो. फितूर म्हणताच मात्र त्याने बाजू बदलली, हे गृहीत धरले जाते.

राष्ट्राराष्ट्रांतल्या करारांपुढे हे सगळे शब्द जरा अपुरे पडतात, आणि त्याचे उदाहरणही याच किनाऱ्यावर आहे. १९६३ च्या करारानुसार तारापूरच्या अणुवीज केंद्राला समृद्ध युरेनियम तीस वर्षे पुरवण्याचे अमेरिकेने मान्य केले; १९६९ मध्ये केंद्र सुरू झाले. मे १९७४ मध्ये भारताने पोखरणला अणुचाचणी केली. १९७८ मध्ये अमेरिकेने अणुप्रसारबंदीचा नवा कायदा केला आणि तारापूरचे इंधन अडले. शेवटी १९८२ मध्ये ते फ्रान्सने द्यायचे ठरले. भारताच्या बाजूने हा करारभंग होता; कायदा नंतर केला म्हणून आधीचा शब्द बदलत नाही. अमेरिका आणि कॅनडा यांच्या बाजूने भारतानेच शांततेच्या कामासाठी मिळालेले सहकार्य स्फोटासाठी वापरून विश्वास मोडला होता. करारभंग म्हणायला कागदावरचे कलम लागते, विश्वासभंग म्हणायला न लिहिलेला समज पुरतो. दोन्ही पक्षांनी आपल्याला सोयीचा शब्द घेतला.

राजकारणात शब्द आणखी तापतात. १९७८ मध्ये वसंतदादा पाटील यांचे सरकार पडून शरद पवार मुख्यमंत्री झाले, तेव्हापासून ‘पाठीत खंजीर खुपसणे’ हा प्रयोग महाराष्ट्राच्या राजकीय भाषेला चिकटला. २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडल्यावर ‘गद्दार’ हा अरबी मुळाचा, हिंदी-उर्दूतून आलेला शब्द मराठी सभांमध्ये गाजला. त्याच्या उत्तरात समोरच्या पक्षाने २०१९ मध्ये युती मोडणे हाच मतदारांचा विश्वासघात होता असे म्हटले. १९८५ च्या कायद्याने याच कृतीला ‘पक्षांतर’ हे कोरडे नाव दिले आहे. त्यात ना शपथ, ना मीठ, ना दरवाजा. म्हणून कायद्याला ते चालते आणि सभेत कोणी वापरत नाही.

इतक्या शब्दांतून योग्य शब्द निवडायचा तर आधी काय मोडले ते पाहावे लागते. अपेक्षा मोडली तर दगा, स्वीकारलेला भरवसा मोडला तर विश्वासघात, शपथ मोडली तर बेइमानी, अन्नाचे नाते मोडले तर नमकहरामी, घर मोडले तर घरभेद, सोपवलेली ठेव खाल्ली तर न्यासभंग. फितुरीला मात्र एवढ्यावर भागत नाही. माणूस कोणाकडून कोणाकडे गेला हे पाहावे लागते, आणि सांगणारा त्या दोघांपैकी कोणाच्या बाजूचा आहे हेही.